लंडनच्या जुन्या फ्लॅटमध्ये फायरप्लेस पेटवायची, तर परवानगी कोणाकोणाची?

लंडनमध्ये पहिला फ्लॅट विकत घेणाऱ्या अनेक मराठी कुटुंबांच्या वाट्याला व्हिक्टोरियन काळातील घराचा एखादा मजला येतो. एकेकाळी एकाच कुटुंबाचे असलेले तीन-चार मजली घर पुढे कधीतरी विभागले जाते आणि त्याचे स्वतंत्र फ्लॅट होतात. अशा फ्लॅटच्या दिवाणखान्यात एक भिंत मधोमध दीड-दोन फूट पुढे आलेली असते, आणि तिच्या तळाशी फळी ठोकून किंवा विटा रचून बंद केलेली जुनी फायरप्लेस असते. २०२२ मध्ये गॅस आणि विजेचे दर भडकल्यानंतर ही फळी काढून तिथे लाकडाचा स्टोव्ह बसवावा, असा विचार पुष्कळांच्या मनात आला. सुतार किंवा गवंडी म्हणतो की दोन दिवसांचे काम आहे. मग चौकशी सुरू होते आणि फ्रीहोल्डर (म्हणजे इमारतीचा मूळ मालक), काउन्सिल (म्हणजे तिथली पालिका), शेजारी आणि विमा कंपनी अशी चार-पाच नावे पुढे येतात. आपल्याच दिवाणखान्यातील आगीसाठी एवढ्या लोकांना का विचारायचे, हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात शोधण्याआधी त्या पुढे आलेल्या भिंतीच्या पोटात शोधावे लागते.

आधी धुराडे समजून घेऊ

ज्यांनी लहानपणी घरी तांब्याचा बंब पाहिला आहे, त्यांना धुराड्याचे शास्त्र ठाऊकच असते. बंबाच्या मधोमध एक उभी नळी असते आणि तिच्या तळाशी जाळीवर निखारे असतात. नळी तापली की तिच्यातील गरम हवा वर चढते, तिची जागा घ्यायला खालून थंड हवा ओढली जाते, आणि विस्तव स्वतःच स्वतःला वारा घालू लागतो. नळीच्या तोंडावर काही पडले, की तोच धूर उलटा फिरून न्हाणीघरात भरतो. फायरप्लेसचेही तसेच आहे. तिच्या वर, भिंतीच्या आत, छतापर्यंत गेलेली एक नळी असते. तिला इंग्रजीत फ्ल्यू म्हणतात. या लेखात तिला धूरनळी म्हणू.

आता असे चार बंब एकावर एक ठेवले आहेत अशी कल्पना करा. तळमजल्याची धूरनळी सरळ वर जाऊ शकत नाही, कारण पहिल्या मजल्यावर नेमकी त्याच जागी दुसरी फायरप्लेस असते. म्हणून ती थोडी वाकून, तिला वळसा घालून वर जाते. पहिल्या मजल्याची धूरनळी दुसऱ्या मजल्याला वळसा घालते, आणि शेवटी छतावर या सगळ्या नळ्या शेजारी-शेजारी बाहेर पडतात. लंडनच्या रस्त्यावरून वर पाहिले की एकाच धुराड्यावर मातीची चार, सहा, आठ तोंडे ओळीने दिसतात, ती याच नळ्यांची. दोन नळ्यांच्या मध्ये बहुधा अर्ध्या विटेच्या जाडीचाच पडदा असतो. त्या विटांमधील चुन्याला शंभर-सव्वाशे वर्षे काजळीतील आम्ल खात आलेले असते, त्यामुळे तो चुना जागोजागी भुसभुशीत होऊन गळलेला असतो.

याचा अर्थ असा, की तळमजल्यावर पेटवलेल्या लाकडाचा धूर दोन मजले वरच्या एखाद्या बेडरूममध्ये निघू शकतो. डोळ्यांना दिसणारा धूर एक वेळ बरा, कारण माणूस जागा होतो आणि खिडकी उघडतो. अपुऱ्या हवेत जळणाऱ्या लाकडातून आणि कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला मात्र रंग नाही आणि वासही नाही. महाराष्ट्रात बंद न्हाणीघरातील गॅस गीझरमुळे माणसे दगावल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात आपण वाचतो, तो हाच वायू.

आणखी एक अडचण बाहेरून कधीच दिसत नाही. वरच्या मजल्यावरील कोणीतरी खोली मोठी दिसावी म्हणून वीस वर्षांपूर्वी आपल्या भिंतीचा पुढे आलेला भाग फोडून काढलेला असतो. तसे झाले असेल, तर तुमची धूरनळी मध्येच कापली गेलेली असते, आणि तुमच्या फायरप्लेसचा धूर थेट त्याच्या घराच्या पोकळीत जाऊन थांबतो. खालच्या मजल्यावरील माणसाने तो भाग काढला असेल, तर वरच्या विटांचे वजन लोखंडी ब्रॅकेटवर किंवा तुळईवर तोललेले असते, आणि काही घरांत ते पुरेसे तोललेलेही नसते. अशा धुराड्यात नवा स्टोव्ह आणि पोलादी नळी बसवण्याआधी ते वजन कशावर उभे आहे हे पाहावेच लागते.

‘फ्लॅट माझा आहे, मग भिंत कोणाची?’

इंग्लंडमधील बहुतेक फ्लॅट लीजहोल्ड असतात. म्हणजे तुम्ही ९९, १२५ किंवा ९९९ वर्षांसाठी ती जागा वापरण्याचा हक्क विकत घेता, आणि जमीन व इमारत फ्रीहोल्डर या मालकाकडे राहते. तुमच्या वाट्याला नेमके काय आले हे लीजच्या दस्तऐवजात लिहिलेले असते, आणि तो वाचला की बहुतेकांना धक्का बसतो. अनेक लीजमध्ये फ्लॅटधारकाच्या मालकीत भिंतीचे आतले प्लॅस्टर आणि पायाखालच्या लाकडी फळ्या येतात. विटांची भिंत, फळ्यांखालच्या तुळया, छत आणि धुराडे फ्रीहोल्डरकडेच राहतात. म्हणजे फायरप्लेसचे तोंड तुमच्या खोलीत असते, पण तिचा घसा दुसऱ्याच्या मालकीचा असतो.

पुणे-मुंबईच्या वाचकांना यात फारसे नवे वाटणार नाही. आपल्या सोसायटीतही फ्लॅटच्या मागच्या डक्टमधून जाणारा सांडपाण्याचा पाइप आपल्या स्वयंपाकघराला जोडलेला असतो, पण त्याला भोक पाडायचे तर कमिटीची लेखी परवानगी लागते, कारण त्यातून सगळ्या मजल्यांचे पाणी वाहते. धुराड्याचे प्रकरण तेच आहे, फक्त प्रवाह खालून वर आहे.

लीजमध्ये बदलांविषयी एक कलम असते आणि त्याची भाषा फार बारकाईने वाचावी लागते. ‘फ्रीहोल्डरच्या संमतीशिवाय बदल करू नये’ असे लिहिले असेल, तर दार उघडे आहे. लँडलॉर्ड अँड टेनंट अॅक्ट १९२७ च्या कलम १९(२) नुसार, तो बदल घराची सुधारणा ठरत असेल, तर फ्रीहोल्डरला अवाजवी कारणाने संमती नाकारता येत नाही. वकिलाचा रास्त खर्च आणि इमारतीचे काही नुकसान होणार असेल तर त्याची भरपाई मात्र तो मागू शकतो. याउलट ‘बदल करू नये’ एवढेच लिहिले असेल, तर मनाई पूर्ण आहे आणि नाही म्हणायला फ्रीहोल्डरला कारण देण्याचीही गरज नाही. शिवाय काही लीजमध्ये लाकूड-कोळसा जाळण्यावर वेगळी बंदी असते. ती बदलांच्या कलमात सापडत नाही, तर मागे नियमांच्या यादीत, गॅलरीत कपडे वाळत घालू नयेत अशा ओळींच्या शेजारी बसलेली असते. म्हणून लीज शेवटच्या पानापर्यंत वाचावी, असा माझा आग्रह आहे.

मिळालेल्या संमतीचा लेखी करार होतो, त्याला लायसन्स टू ऑल्टर म्हणतात. फ्रीहोल्डरच्या माणसाने ईमेलवर ‘हरकत नाही’ असे कळवले म्हणजे हा करार झाला असे समजू नये.

‘फ्रीहोल्डर कंपनी आमचीच आहे, मग नाही कोण म्हणणार?’

अनेक छोट्या इमारतींत फ्लॅटधारकांनीच मिळून एक कंपनी काढून फ्रीहोल्ड विकत घेतलेला असतो. मराठी माणसाला ही व्यवस्था आपल्या सोसायटीसारखी वाटते आणि ती बरीचशी तशी आहेही. साहजिकच वाटते, की बैठकीत बहुमत मिळाले की काम झाले. इथे २०२० चा एक निकाल आडवा येतो आणि तो समजून घेण्यासारखा आहे.

लंडनच्या मेडा व्हेल भागात दोन जुनी घरे जोडून नऊ फ्लॅट केलेली एक इमारत आहे. तिथल्या एका फ्लॅटधारकाला तळघरातील भार पेलणाऱ्या भिंतीचा बराच भाग काढायचा होता. लीजमध्ये अशा कामाला पूर्ण मनाई होती, तरी फ्लॅटधारकांच्याच हाती असलेली फ्रीहोल्डर कंपनी परवानगी द्यायला तयार झाली. दुसऱ्या फ्लॅटधारकाने हरकत घेतली. तिच्या लीजमध्ये कंपनीने असे वचन दिलेले होते, की इतर फ्लॅटच्या लीजमध्येही अशीच कलमे असतील आणि कोणी मागणी केल्यास, खर्चाची हमी घेऊन, कंपनी ती कलमे पाळायला लावील. ड्युव्हाल खटला म्हणून ओळखले जाणारे हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि ६ मे २०२० रोजी न्यायालयाने निकाल दिला, की जे कलम पाळायला लावण्याचे वचन कंपनीने एका फ्लॅटधारकाला दिले आहे, तेच कलम मोडण्याची मुभा ती दुसऱ्याला देऊ शकत नाही. तसे केले तर तिने स्वतःच दिलेल्या वचनाचा भंग होतो.

फायरप्लेससाठी याचा अर्थ सरळ आहे. तुमच्या लीजमध्ये धुराड्याला हात लावण्याची पूर्ण मनाई असेल आणि सगळ्यांच्या लीजमध्ये ते परस्पर वचन असेल, तर नऊपैकी आठ जण खूश असूनही एकाची हरकत पुरेशी ठरते. मला हा निकाल योग्य वाटतो. धुराड्याच्या बाबतीत तर विशेष योग्य वाटतो, कारण बहुमताने धुराची दिशा बदलत नाही, आणि ज्या एकाच्या बेडरूममधून तुमची धूरनळी जाते त्याचे मत इतर आठांच्या मतात बुडून जाऊ नये.

काउन्सिलला काय पाहायचे असते?

फ्रीहोल्डरची संमती हा मालकीचा प्रश्न झाला. काम सुरक्षित आहे का, हा प्रश्न निराळा असून तो काउन्सिलच्या बिल्डिंग कंट्रोल विभागाकडे जातो. एकाची परवानगी दुसऱ्याच्या जागी चालत नाही. जागेचे खरेदीखत असले म्हणून गाडी चालवण्याचा परवाना मिळत नाही, तसेच हे आहे.

इंग्लंडमध्ये आग, धूर आणि धुराड्याविषयीचे नियम बांधकाम नियमांच्या ‘जे’ या भागात आहेत. ते रूक्ष दिसतात, पण त्यांतील प्रत्येक आकड्यामागे एखादा साधा धोका आहे. स्टोव्हखालची न जळणारी लादी चुलीपुढच्या सारवलेल्या जागेचे काम करते, म्हणजे बाहेर उडालेला निखारा लाकडी फळीवर पडू नये. स्टोव्हमुळे लादी १०० अंश सेल्सिअसच्या वर तापत नाही असे उत्पादकाने चाचणी करून सांगितले असेल, तर १२ मिलिमीटर जाडीची लादी चालते. नसेल तर साधारण १२५ मिलिमीटर जाडीचा भरीव ओटा लागतो, आणि वरच्या मजल्यावरील लाकडी तुळयांना तो पेलेल का, हा प्रश्न लगेच उभा राहतो. धूर जोमाने ओढला जावा म्हणून स्टोव्हच्या वर धूरनळीची उंची साधारण साडेचार मीटर तरी असावी. जुन्या विटांच्या नळीतून स्टेनलेस स्टीलची लवचिक नळी सोडली की गळक्या पडद्यांचा धोका बराच कमी होतो. धूर कमी करणाऱ्या मान्यताप्राप्त स्टोव्हसाठी तिचा व्यास १२५ मिलिमीटर आणि इतर स्टोव्हसाठी १५० मिलिमीटर असणे अपेक्षित असते. खोलीत बाहेरून ताजी हवा येण्याची सोय लागू शकते. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मात्र सक्तीचा आहे.

हे काम दोन मार्गांनी होते. काम सुरू करण्याआधी काउन्सिलकडे अर्ज करून त्यांच्या निरीक्षकाकडून ते तपासून घेता येते. नाहीतर हेटास या संस्थेकडे नोंदणी असलेल्या कारागिराकडून करून घेता येते; तो आपले काम स्वतः प्रमाणित करतो आणि काउन्सिलला कळवतो. बहुतेक जण दुसरा मार्ग निवडतात. एक गोष्ट इथे विसरली जाते: हेटासचे प्रमाणपत्र म्हणजे फ्रीहोल्डरची संमती नव्हे. कारागीर तुमची लीज वाचत नाही, आणि ते त्याचे कामही नाही.

‘फायरप्लेस आधीपासूनच होती, मग लाकूड जाळायला बंदी कशी?’

डिसेंबर १९५२ मध्ये, ५ तारखेपासून ९ तारखेपर्यंत, लंडनवर थंड आणि स्तब्ध हवेचे झाकण पडले, आणि लाखो घरांतील कोळशाचा धूर, कारखाने आणि वीजकेंद्रांच्या धुरासह, शहरातच कोंडला गेला. त्यावेळी सुमारे ४,००० माणसे दगावल्याचा अंदाज होता. नंतरच्या संशोधकांनी तो १२,००० पर्यंत नेला. त्यातून १९५६ चा क्लीन एअर अॅक्ट आला, आणि धूर-नियंत्रण क्षेत्र ही कल्पना रूढ झाली. आज १९९३ चा कायदा लागू आहे आणि लंडनचा बहुतेक भाग अशा क्षेत्रांत मोडतो.

धूर-नियंत्रण क्षेत्रात फायरप्लेस असण्याला बंदी नाही. उघड्या फायरप्लेसमध्ये साधे लाकूड किंवा घरगुती कोळसा जाळण्याला आहे. उघड्या विस्तवात मान्यताप्राप्त धूररहित इंधन चालते. लाकूड जाळायचे तर ते सरकारी यादीतील, कमी धूर सोडणाऱ्या बंद स्टोव्हमध्येच जाळावे लागते. म्हणून जाहिरातीत दिसणारी, ओंडके धडधडत असलेली उघडी फायरप्लेस लंडनच्या बहुतेक फ्लॅटमध्ये कायद्याने शक्यच नाही, आणि हे घर पाहायला गेल्यावर सहसा कोणी सांगत नाही. धुराड्यातून धूर निघाला तर काउन्सिल १७५ ते ३०० पौंड दंड करू शकते, आणि यादीबाहेरच्या स्टोव्हसाठी मान्यता नसलेले इंधन विकत घेतल्यास हा दंड १,००० पौंडांपर्यंत जाऊ शकतो. १ मे २०२१ पासून इंग्लंडमध्ये कमी प्रमाणात विकले जाणारे सरपण २० टक्के किंवा त्याहून कमी ओलाव्याचे असावे लागते. ओले सरपण किती धूर करते हे सांगायला आपल्याला कायद्याची गरज नाही. पावसाळ्यात चूल फुंकणाऱ्या आज्यांचे डोळे पुरेसे होते.

‘शेजारच्या रस्त्यावर सगळ्यांच्या धुराड्यातून धूर निघतो’ हे मी अनेकदा ऐकले आहे. त्यांच्याकडे यादीतील स्टोव्ह असेल, किंवा अजून कोणी तक्रार केलेली नसेल. यावरून तुम्हाला परवानगी आहे असे ठरत नाही.

इमारत जुनी आणि संरक्षित असेल तर

इमारत लिस्टेड, म्हणजे वारसा म्हणून संरक्षित असेल, तर जुनी फायरप्लेस आणि तिची चौकट हाच वारशाचा भाग असू शकतो. तिला हात लावण्याआधी काउन्सिलची वेगळी संमती लागते, आणि तिच्याशिवाय केलेले काम हा फौजदारी गुन्हा आहे. छतावर नवे तोंड किंवा बाहेरच्या भिंतीवर नवी नळी बसवायची असेल, विशेषतः कॉन्झर्व्हेशन एरियामध्ये, म्हणजे जतनासाठी राखलेल्या जुन्या भागात, तर प्लॅनिंग विभागाला लेखी विचारून घ्यावे. धुराड्याची भिंत शेजारच्या घराशी सामाईक असेल आणि ती फोडायची किंवा कापायची असेल, तर पार्टी वॉल अॅक्ट १९९६ नुसार शेजाऱ्याला दोन महिने आधी नोटीस द्यावी लागते. त्याने १४ दिवसांत उत्तर दिले नाही, तर वाद आहे असेच धरले जाते आणि सर्व्हेअर नेमावे लागतात.

सुरुवात कुठून करावी?

माझ्या मते सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महत्त्वाची पायरी म्हणजे धुराडे साफ करणाऱ्याला बोलावणे. तो नळी झाडतो, जमल्यास आतून कॅमेरा सोडतो, आणि मग तळाशी धुराची गोळी पेटवून वरचे तोंड बंद करतो. त्या वेळी वरच्या प्रत्येक मजल्यावरील लोकांनी आपापल्या भिंतीजवळ, कपाटांत आणि पोटमाळ्यावर धूर येतो का ते पाहायचे असते. यासाठी शेजाऱ्यांना आधी सांगावे लागते, आणि तिथेच अर्धे काम होते. ज्या शेजाऱ्याने आपल्या डोळ्यांनी पाहिले की धूर त्याच्या घरात आला नाही, तो नंतर हरकत घेताना दहा वेळा विचार करतो. आणि ज्याच्या कपाटातून धूर निघाला, त्याची हरकत ऐकणे हे आपले कर्तव्यच आहे.

नळी अखंड आहे हे कळल्यावर लीज वाचावी, आणि मग फ्रीहोल्डरला लिहावे. अर्जासोबत कारागिराचे हेटास नोंदणीपत्र, स्टोव्हचे मॉडेल आणि ते सरकारी यादीत असल्याचा पुरावा, पोलादी नळीचा तपशील, धूरचाचणीचा अहवाल, आणि गरज असल्यास तुळयांविषयी स्ट्रक्चरल इंजिनिअरचे पत्र द्यावे. फ्रीहोल्डर बहुधा त्याच्या सर्व्हेअरचे आणि वकिलाचे शुल्क तुमच्याकडूनच घेतो. ते किती असेल हे आधी लेखी विचारावे. इमारतीचा विमा सहसा फ्रीहोल्डरच्या नावाने असतो, त्यामुळे विमा कंपनीलाही त्याच्यामार्फतच कळवावे लागते. कागदपत्रांना काही महिने सहज लागतात, म्हणून थंडीत पेटवायची फायरप्लेस वसंत ऋतूत मागावी. स्टोव्ह मात्र सगळ्यात शेवटी विकत घ्यावा. सवलतीच्या किमतीला भुलून आधी स्टोव्ह आणला आणि मग लीजमध्ये पूर्ण मनाई सापडली, की तो दिवाणखान्यात शोभेची वस्तू होऊन बसतो.

उंच टॉवरमध्ये राहणाऱ्यांचे काय?

नव्या टॉवरमध्ये धुराडेच नसते, त्यामुळे लाकडाच्या आगीचा विषय तिथे जवळजवळ संपतो. १४ जून २०१७ रोजी ग्रेनफेल टॉवरच्या आगीत ७२ माणसे गेल्यानंतर उंच इमारतींतील कामांवरची देखरेख फार कडक झाली आहे, आणि किमान १८ मीटर उंच किंवा किमान सात मजली निवासी इमारतींसाठी वेगळा नियामक आहे. अशा घरात विजेवर चालणारी, ज्वालेचा भास देणारी फायरप्लेस हा व्यवहार्य पर्याय आहे. प्लगला जोडायची असेल आणि भिंत फोडायची नसेल, तर तिला सहसा कोणाची संमती लागत नाही. बायोइथेनॉलच्या शोभेच्या फायरप्लेसला धूरनळी लागत नाही म्हणून ती निरुपद्रवी समजली जाते, पण तिच्यात खरी ज्वाला आणि खरे ज्वालाग्राही द्रव असते, त्यामुळे लीज आणि विमा तिथेही तपासावा.

‘न सांगता बसवली तर कोणाला कळणार?’

घर विकताना कळते. खरेदीदाराचे सॉलिसिटर छापील प्रश्नावली पाठवतात, आणि तिच्यात काय बदल केले, फ्रीहोल्डरची संमती होती का, बिल्डिंग कंट्रोलचे प्रमाणपत्र कुठे आहे, असे थेट प्रश्न असतात. काउन्सिलकडून नंतर नियमितीकरणाचे प्रमाणपत्र मागता येते, पण त्यासाठी झाकलेले काम उघडून दाखवावे लागू शकते. आणि फ्रीहोल्डरला उशिरा संमती मागणाऱ्याची बाजू वाटाघाटीत लंगडी असते. त्याआधीच आग लागली, तर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारते.

रीतसर बसवलेल्या स्टोव्हसोबत एक छोटी पाटी मिळते. ओटा आणि धूरनळी कुठे आहे, तिला कोणत्या प्रकारचा स्टोव्ह चालतो, आणि ती कधी बसवली, हे तिच्यावर लिहिलेले असते. ती विजेच्या मीटरजवळ किंवा स्टोव्हच्या शेजारी, पुढे राहायला येणाऱ्याला दिसेल अशा जागी लावायची असते.